घराच्या अलार्मचा कोड गुप्त कसा ठेवावा

चोरांपासून संरक्षण म्हणून आपण घरात अलार्म बसवलात, दारे-खिडक्यांना सेन्सर चिकटवलेत आणि गॅलरीत भोंगा टांगलात, याबद्दल आपले अभिनंदन. आता कोडविषयी काही नम्र सूचना.

कोड म्हणून शक्यतो जन्मसालच ठेवावे. चार आकडी कोडच्या १०,००० शक्यता असतात आणि एवढी आकडेमोड चोराच्या माथी मारणे बरे नव्हे. नेहमीची चार बटणे बोटांनी काळवंडली, की त्यांतल्या २४ मांडण्या उरतात. ती बटणे १, ९, ७ आणि ४ असली व सुरुवात १९ने होणार हे उघड असले, तर दोनच. चोराने देशप्रेमापोटी आधी १९४७ दाबले, तरी दुसऱ्या प्रयत्नात त्याचे काम होतेच.

अलार्म बसवणाऱ्या तंत्रज्ञाचा वेगळा कोड असतो, तो कारखान्यातून आला तसाच राहू द्यावा; तो माहितीपुस्तिकेत छापलेला असल्याने हरवत नाही.

कोणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला, तर वरवर तो बंद करून गुपचूप मदत मागणारा वेगळा कोड अनेक यंत्रणांत असतो. त्याची चौकशी करू नये.

गावाला जाताना घराची किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी, कोड मात्र देऊ नये, कारण शेजारी झाला तरी परकाच. आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या आठवड्यात हे तत्त्व कसोशीने पाळले. रात्री अडीच वाजता भोंगा सुरू झाला. साहेबांचा फोन बंद, वहिनी उचलत नाहीत. मी किल्लीने दार उघडून आत गेलो, १२३४ दाबले, ०००० दाबले, आणखी काही दाबले, आणि पॅनेलने मलाच चोर ठरवून कीपॅड बंद केले. उघड्या राहिलेल्या खिडकीपाशी पडदा हलत होता आणि हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला तोही चोर वाटत होता, त्यामुळे भोंगा काही मिनिटांनी थांबे आणि पुन्हा बोंबलू लागे. खाली वॉचमन शिट्ट्या मारतो आहे, वरच्या मजल्यावर बाळ रडते आहे, आणि समोरचे काका बनियनवर जिन्यात येऊन मलाच विचारत आहेत, ‘तुम्ही कशाला वाजवताय?’ मी कशाला वाजवेन? सकाळी कामाला आलेल्या मावशींनी ते चार आकडे घडाघडा सांगितले. इस्त्रीवाल्यालाही ते पाठ होते.

अहो, जो कोड इस्त्रीवाल्याला ठाऊक आहे तो शेजाऱ्यापासून कसला लपवता? बहुतेक पॅनेलमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र कोड देता येतो आणि परत आल्यावर तो पुसून टाकता येतो. मास्टर कोड, म्हणजे मालकाचा मुख्य कोड, कोणाला सांगावाच लागत नाही. हजारो रुपये मोजून यंत्र घेता आणि पुस्तिकेची चार पाने वाचायचा कंटाळा करता? मास्टर कोड आजच बदला, बसवणाऱ्याला बोलावून त्याचाही कोड बदलून घ्या, आणि निघण्यापूर्वी खिडक्या लावा. एवढेही होत नसेल तर तो भोंगा काढून टाका. मजल्यावर तान्ही मुले आणि आजारी माणसे राहतात.