नववी हालचाल आणि पदेर

सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण कराटे स्पर्धेत उतरणार आहोत, हे मला फोंड्याच्या मासळी बाजारात कळलं. मुलीच्या क्लासमधले एक पालक इसवणाचा भाव करता करता म्हणाले, "सरांनी तुमचंही नाव दिलंय. पंचेचाळिशीच्या पुढचा गट." इसवण राहिलं बाजूला, माझाच भाव ठरला होता.

मूळ चूक माझीच. मुलीला क्लासला सोडून बाहेर तासभर डास मारत बसायचो. त्यापेक्षा आत जाऊन हवेला मारलेलं बरं, असं एकदा वाटलं आणि फसलो.

माझा प्रकार काता. म्हणजे समोर कोणीच नसतं, काल्पनिक शत्रूंशी लढायचं. हे ऐकून मी निर्धास्त झालो होतो. पण काल्पनिक शत्रूही काय चिवट असतात, हे लढल्याशिवाय कळत नाही. माझा काता हेइयान शोदान, शोतोकान शैलीतला नवशिक्यांचा. त्यात २१ हालचाली. नवव्या आणि सतराव्या हालचालीला पोटातून आरोळी ठोकायची, तिला किआई म्हणतात. माझी मुलगी हा काता झोपेतही करते. मी जागेपणी करतो, तेव्हा झोपेत असल्यासारखा दिसतो, असं तिचं मत.

"शरीर तयार आहे," सर म्हणाले (थापच होती, पण प्रेमळ), "आता मन तयार करा. रोज पहाटे डोळे मिटून अख्खा काता मनात बघा. मन रिकामं पाहिजे. जपानीत त्याला मुशिन म्हणतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मन रिकामं करायला बसलो. ते रिकामं होताक्षणी त्यात विजेचं बिल येऊन बसलं. मागोमाग पंचायतीची घरपट्टी, मग शाळेत कोणे एके काळी मला 'लुकडा' म्हणणारा एक मुलगा. निदान शत्रू तरी खरा मिळाला म्हणून मी त्यालाच धरून बडवायला घेतला, तर आठव्या हालचालीला तो विचारतो कसा, "अरे, तुझे गुडघे वाजतात का?"

सर म्हणाले, बसून जमत नसेल तर उभ्याने करा. आमच्या हॉलमध्ये सोफा सरकवला की कात्यापुरती जागा होते, फक्त पंधरा, सोळा, सतरा हे तीन ठोसे सरळ रेषेत फ्रीजपाशी संपतात. त्यामुळे माझी दुसरी किआई रोज फ्रीजवर. पहिली मात्र जमेचना. साडेसहाला मी नवव्या हालचालीवर पोचलो, हात कपाळावर नेऊन वार अडवला, आरोळीसाठी श्वास भरला, की नेमका खाली पदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंगा वाजवायचा. पोंऽऽ पोंऽऽ! तो निघून गेला तर नाश्त्याला पोई हा आमचा गोव्याचा पाव नाही आणि पातळ भाजी काय नुसती प्यायची? तेव्हा काल्पनिक शत्रूला तिथेच उभा करून, खिशातले सुटे पैसे चाचपत मी जिना उतरायचो. वर येऊन दहावी हालचाल. महिनाभर हेच.

एकदा भोंग्याच्या आधी किआई निघालीच. शेजारच्या वयनी काठी घेऊन धावत आल्या. "कुठे आहे? नाग की घोणस?"

आईने परस्पर देवळात जाऊन प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून देवीचा कौल मागितला. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार! माझी छाती फुगली. "म्हणजे जिंकणार?"

"तसलं कोण विचारतो? हा धडधाकट घरी येईल ना, एवढंच विचारलं. आणि त्यालाही देवीने बराच वेळ घेतला."

रविवारी आम्ही म्हापशाला पेडेंच्या स्टेडियमवर. (रविवारचं नुस्तें, म्हणजे मासळी, सोडून माणूस बाहेर पडतो, यातच त्याच्या मनाची तयारी दिसावी.) माझं नाव पुकारलं. वाकून नमस्कार केला. आणि काय सांगू, मन खरंच रिकामं झालं! बिल नाही, घरपट्टी नाही, तो मुलगा नाही. सहा, सात, आठ... गुडघेसुद्धा गप्प. नववी हालचाल. हात कपाळावर. श्वास भरला.

शेजारच्या आखाड्यात कुणाची तरी लढत संपली आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

माझा दुसरा हात आपसूक कमरेशी गेला आणि खिसा शोधू लागला. कराटेच्या पोशाखाला खिसा नसतो. मी तो इकडून तिकडून चांगला चाचपून पाहिला, पंचांकडे बघितलं, मग भानावर येऊन आरोळी ठोकली, ती किआईपेक्षा "थांब रे!" सारखी जास्त वाटली म्हणे. उरलेल्या बारा हालचाली कशा झाल्या, ते देवीलाच ठाऊक. सतराव्याला समोर फ्रीज नव्हता, याचं मात्र फार वाईट वाटलं.

आमच्या गटात दोघेच होतो, त्यामुळे मला रौप्यपदक मिळालं. ते गळ्यात घालून मी ऐटीत मुलीपाशी गेलो. तिने पदक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, पोई किती घेतल्यास?"