घाटावर कर्णे नकोत, हंडे ठेवा

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकातल्या गोदाघाटावर ‘ध्वनिशिल्प’, म्हणजे जागेत आवाजाने घडवलेली कलाकृती, मांडायची कल्पना निघाली, तर एवढं आधीच ठरवून टाका: कर्ण्यांतून बासरी आणि झुळझुळाट वाजवायचा नाही. नदी शेजारून वाहतेय, तिचं रेकॉर्डिंग कशाला? शिवाय साधा कर्णा ३०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, काही धड देत नाही, म्हणजे घुमारा गेलाच.

ध्वनिकलाकार मॅक्स न्यूहाउस यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला रस्त्यातल्या जाळीखालून एक सलग घुमारा सोडला. पाटी लावली नाही. ऐकू आलं त्याच्यासाठी तेवढाच तुकडा वेगळा होतो, चार पावलं पुढे गेलं की पुन्हा नुसता चौक. जागेची हद्द कानाने कळते ती अशी. १९९२ ला बंद पडलेलं हे काम २००२ पासून परत वाजतंय.

नाशकात अशा कामाला तांब्याचा हंडा उत्तम. वस्तूलाच स्पीकर करायचं तंत्र संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६८ पासून ‘रेनफॉरेस्ट’ या रचनेत वापरलं. हंडा चुंबळीवर ठेवा, टिचकी मारा, फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये सर्वांत उंच शिखर कुठे येतं ते बघा. ध्वनी त्याच्या आसपासचा निवडा, नाहीतर भांडं नुसतं खडखडतं. २० वॉटचा एक्सायटर (पडदा नसलेला स्पीकर, चिकटेल ती वस्तू थरथरवतो) बुडाला लावा, पण मधोमध नको. तिथे बरीच कंपनं उमटतच नाहीत. सोबतच्या चिकटपट्टीवर विसंबू नका, उन्हात तांबं तापलं की ती सुटते. इपॉक्सी वापरा. तासन्‌तास वाजवायचं तर निम्म्याहून कमी ताकद द्या, नाहीतर कॉइल जळते.

तीन हंड्यांना ७, ११ आणि १३ मिनिटांच्या, पुन्हापुन्हा वाजणाऱ्या फाइल दिल्या तर तोच मेळ १००१ मिनिटांनी, म्हणजे १६ तास ४१ मिनिटांनी परत येतो. फाइल वेव्ह (WAV) हवी. एमपी३च्या टोकांना शांततेचा तुकडा चिकटतो आणि प्रत्येक फेरीला खाच ऐकू येते.

आवाजाच्या पातळीवरच सगळे घसरतात. पहाटे आणि आरतीच्या वेळी घाटाचा आवाज मोजा, मग हंड्याचा आवाज एक मीटरवर त्याच्या जेमतेम वर ठेवा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल उतरतात, त्यामुळे चार मीटरवर तो गर्दीत विरतो. तेच हवंय! रात्री १० ते सकाळी ६ पूर्ण बंद.

आणि अ‍ॅम्प्लिफायर पायऱ्यांवर ठेवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर चढतं. जोडण्या हाताने सुटणाऱ्या हव्यात, आणि जून ते सप्टेंबर हंडे उचलून ठेवलेलेच बरे.