अंतराळात लढायचं तर कराची आठवा

सॅन डिएगोला आल्यापासून पुण्याच्या मित्रांशी माझा एक वाद चालू आहे. उद्या अंतराळात आरमारं भिडली तर भारी कोण पडेल? पोटात छोटी लढाऊ यानं घेऊन फिरणारं वाहक यान, की जाड चिलखताची, मोठ्या तोफांची बॅटलशिप? पुण्याचा कौल ठामपणे वाहकाला. त्यामागे 'विक्रांत'वरचं प्रेम आहे आणि ते माझ्यातही आहे. 1971 मध्ये तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले, हे ऐकतच आमची पिढी वाढली. तिसरी विमानवाहू नौका बांधावी की पाणबुड्या, यावरही तिकडे जोरात वाद होतात.

इथे मला दोन्ही पक्ष हाताने चाचपता येतात. सॅन डिएगोच्या धक्क्याला 'मिडवे' ही विमानवाहू नौका संग्रहालय होऊन उभी आहे, लॉस एंजेलिसच्या बंदरात 'आयोवा' ही बॅटलशिप. 'आयोवा'वर सुकाणूच्या कक्षाभोवती जवळजवळ 44 सेंटीमीटर जाडीचं पोलाद आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात लावला तेव्हा कुठे ती जाडी भरली. आपली जुनी 'विक्रांत' मात्र 2014 मध्ये मुंबईतच तोडली गेली. 'मिडवे'च्या डेकवर शाळेची पोरं पळताना दिसली की ते फार लागतं.

पण जहाजं इतकी जवळ असल्याचा एक तोटाही मला इथेच दिसला. अमेरिका आणि जपान दोघांच्याही कल्पनेतलं अंतराळ म्हणजे प्रशांत महासागरच आहे. 1974 च्या एका जपानी मालिकेत महायुद्धात बुडालेल्या 'यामातो' या जपानी बॅटलशिपचंच अंतराळयान होतं. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधल्या लढाया जुळवताना दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई चकमकींच्या चित्रफिती समोर होत्या. पुण्यातले मित्र हेच पाहतात आणि तोच समुद्र गृहीत धरतात.

खऱ्या 'यामातो'च्या तोफांचा पल्ला सुमारे 42 किलोमीटर होता. एप्रिल 1945 मध्ये तिला बुडवणारी विमानं शेकडो किलोमीटरवरून आली. विमान जिंकलं, कारण जहाज पाणी कापत जातं आणि विमान हवेतून, कितीतरी पट वेगाने. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याला सोडणारी नौका क्षितिजाआड राहते. अंतराळात लढाऊ यान आणि त्याचं वाहक एकाच पोकळीत असतात. क्षितिज नाही, आणि इंजिनाची उष्णता लांबूनही दिसते. त्यात इंधनाचा हिशेब आणखी वाईट. परत यायचं असलेल्या यानाला जाताना वेग घ्यावा लागतो, तो मारावा लागतो, उलट दिशेने पुन्हा घ्यावा लागतो आणि वाहकाशी जुळताना पुन्हा मारावा लागतो. क्षेपणास्त्राला यातलं पहिलंच काम करायचं असतं. मग वैमानिक पाठवायचा कशाला?

म्हणून बॅटलशिप जिंकते असंही मी म्हणत नाही. मोठ्या यानावर लेसरसाठी मोठा आरसा बसतो आणि मोठा आरसा किरण जास्त लांबवर एकवटतो, एवढा मुद्दा तिच्या बाजूने खरा. पण पृथ्वी ते चंद्र एवढ्या अंतरालाही प्रकाशाला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात सावध यान जागा बदलतं.

मला योग्य वाटणारा नमुना आपल्याच इतिहासात आहे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि 'खैबर' ही विनाशिका बुडवली. या नौका जेमतेम दोनशे टनांच्या, मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या. त्यांचा पल्ला तोकडा, म्हणून सोबत तेलवाहू 'पोषक' आणि 'किलतान', 'कच्छल' या मोठ्या नौका दिल्या होत्या. दिवसभर शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर थांबायचं, अंधारात आत शिरायचं, क्षेपणास्त्रं सोडायची आणि माघारी फिरायचं. अंतराळातही मोठ्या यानाने छोट्यांना जवळ नेऊन सोडावं आणि छोट्यांनी दुरूनच मारा करून वळावं, हेच गणितात बसतं. नौदल दिन आपण याच हल्ल्याच्या आठवणीत साजरा करतो, तरी विज्ञानकथा म्हटली की 'मिडवे'कडे धावतो.

मित्रांचा शेवटचा आक्षेप असा, की वैमानिक गेला तर गोष्टीत माणूस उरत नाही. मला हे अजिबात पटत नाही. कराचीच्या वेळी रात्रीचा आडोसा होता, अंतराळात तोही नाही. ग्रहाच्या नाहीतर चंद्राच्या आड किती वेळ राहता येईल, तेवढ्यात इंधन कुठे भरायचं आणि बाहेर पडायचा क्षण कोणता, हे त्या छोट्या यानाच्या कप्तानालाच ठरवायचं आहे. मराठीत ही कथा कुणी लिहायला घेतली, तर कक्षांची आकडेमोड करून द्यायला मी तयार आहे.