अर्धं बटण दाबून धरलंय, तरी कॅमेरा झोपतोच कसा?

झोपला! ऐन वेळेला झोपला. बोट शटरवर अर्धं दाबलेलं, डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटलेला, समोर खुंटावर कवड्या धीवर, आणि प्री-कॅप्चर, म्हणजे बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या फ्रेम राखून ठेवणारी सोय, बंद. मी बंद केलं नव्हतं. कॅमेऱ्यानं आपल्या मनानं केलं. कारण काय, तर बटण फार वेळ दाबून ठेवलं.

फार वेळ म्हणजे किती? अर्धा मिनिट! पाण्यात नजर लावून बसलेला धीवर अर्ध्या मिनिटात झेप घेईलच हे कुणी ठरवलं? तो दहा मिनिटं बसेल, नाहीतर पुढच्या क्षणी सुटेल. ते कळत नाही म्हणून तर प्री-कॅप्चर हवं. पक्षी उडाला हे डोळ्याला दिसून बोट खाली जाईपर्यंत पाव सेकंद सहज जातो. सेकंदाला २० फ्रेम धरल्या तरी ५ फ्रेम गेल्या, आणि त्या पाचांतच सगळं असतं. अंग आवळणं, पंख उघडणं, पाय खुंटावरून सुटणं. तो गेलेला पाव सेकंद परत मिळवून देणं एवढंच या फीचरचं काम. म्हणजे वाट बघण्यासाठीच बनवलेली गोष्ट, आणि तीच वाट बघायला तयार नाही. पहारेकऱ्यानं अर्ध्या रात्री सांगावं की फार वेळ झाला, मी निघतो, तसला हा प्रकार.

नर होता. छातीवरचे दोन काळे पट्टे स्वच्छ दिसत होते. ऊन तिरपं, मागचं पाणी सावलीत काळंभोर, फोकसचा चौकोन डोळ्यावर घट्ट बसलेला. असा योग रोज येत नाही, ज्यांनी वाट बघितली आहे त्यांना माहीत आहे. त्यानं मान खाली घातली, शेपूट झटकली, आणि सुटला. मी बटण पूर्ण दाबलं. बर्स्टची, म्हणजे सलग काढलेल्या फोटोंची, पहिली फ्रेम: रिकामा खुंट आणि खालच्या कडेला शेपटीची चार पिसं. त्याआधीचं काहीच नाही. एका कार्डावर शोधलं, दुसऱ्यावर शोधलं. नाहीच.

इशारा दिला होता म्हणे. कुठं? व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह आहे, त्याचा रंग बदलतो. माझं लक्ष पक्ष्याच्या डोळ्यावर होतं, कोपऱ्यातल्या चिन्हावर नाही, आणि ते तिथंच असायला हवं! फोकस लागला की हाच कॅमेरा बीप करतो, जिथं एका बीपनं पक्षी बुजू शकतो तिथंही करतो, ती मुद्दाम बंद करावी लागते. आणि जिथं खरोखर काहीतरी सांगायला हवं तिथं गप्प. अख्खी चौकट लाल करा ना! मधोमध झळकवा! पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दाखवता, लेव्हल दाखवता, ग्रिड दाखवता, आणि मुख्य गोष्ट थांबली हे कोपऱ्यात सांगता?

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की हे डिझाइननुसारच आहे, उष्णता आणि बॅटरी वाचवण्यासाठी. उष्णता वाढते हे मला मान्य. बॅटरी खाल्ली जाते हेही मान्य. पण तो हिशेब माझा आहे. बॅटऱ्या माझ्या खिशात आहेत, त्या मी वाहून आणल्या आहेत. कॅमेऱ्याची बॉडी खरोखरच तापली तर बंद कर, माझी हरकत नाही. पण गार पडलेल्या बॉडीवर घड्याळ लावून बंद करणं याला काय म्हणायचं? पर्याय तरी द्या. मेनूत उलटता उलटता नखं वाढावीत एवढी पानं आहेत, त्यात ही एक ओळ मावत नाही?

आणि समजा सगळं जमलं असतं, तरी हातात काय पडलं असतं? जेपेग. कॅमेऱ्यानंच दाबून लहान केलेला फोटो. माझ्या बॉडीत प्री-कॅप्चर रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या, नंतर सुधारता येणाऱ्या फाइलमध्ये, मिळतच नाही. काळ्यापांढऱ्या पक्ष्याचा उन्हातला जेपेग म्हणजे काय ते कवड्याच्या मागं फिरलेल्या कुणालाही विचारा. पांढरं सांभाळावं तर काळ्यात डोळा हरवतो, डोळा उजळावा तर छातीची पिसं जळून कागद होतात. ऑलिंपसनं २०१६ साली ई-एम१ मार्क २ मध्ये प्रो कॅप्चर या नावानं हेच फीचर आणलं. बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या १४ फ्रेम, आणि त्याही रॉमध्ये. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यानं जे तेव्हा दिलं, ते नंतरच्या काही अव्वल म्हणवणाऱ्या बॉड्यांनी का दिलं नाही, याचं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

बरं, धीवर पुन्हा आला. पाण्यातून वर निघाला तोच चोचीत मासा घेऊन, थेट माझ्याच दिशेनं. आणि फोकस गेला मागच्या लव्हाळ्यात. गेला तो तिथंच बसला. पक्षी अख्ख्या फ्रेममध्ये पसरलेला, धुरकट, आणि मागची पातीन् पाती शार्प! बटण सोडून पुन्हा दाबलं, पुन्हा लव्हाळं. हे मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेरेवाल्यांचं सगळ्यात जुनं दुखणं आहे आणि जाहिरातीत याबद्दल चकार शब्द नसतो. पक्षी ओळखायचा तो सेन्सरवर पडलेल्या चित्रावरून. लेन्स एकदा मागं गेली की जवळचा पक्षी त्या चित्रात नुसता डाग होतो. डागाला डोळा नसतो, म्हणून कॅमेऱ्याच्या लेखी तिथं पक्षीच नाही. त्यात बहुतेक सेन्सरांवरचे फोकसचे पिक्सेल एकाच दिशेचा तपशील पकडतात. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचा सेन्सर वेगळा असायचा आणि त्याच्या क्रॉस टाइप बिंदूंना उभं-आडवं दोन्ही दिसायचं. कॅननला आर१ मध्ये क्रॉस टाइप फोकस द्यायला २०२४ उजाडलं. इतकी वर्षं आम्ही लव्हाळ्याचे फोटो काढले.

यावर सल्ला मिळतो की रिंग फिरवून फोकस हातानं जवळ आणा. आणतो की! पण ती रिंग तरी थेट कुठं लेन्सला जोडलेली आहे? फिरवली की मोटरला निरोप जातो. सावकाश फिरवली तर पाऊल पाऊल, झटक्यात फिरवली तर पार पुढं. बोटांना अंदाज लागेपर्यंत धीवर मासा गिळून मोकळा. आणि मासा चोचीत आडवा असेल तर चौकोन पक्ष्याचा डोळा सोडून माशाच्या डोळ्यावर उडी मारतो, हे वेगळंच.

आता खरी तिडीक गेली ती पुढं. म्हटलं, सेटिंग बदलून बघू. मेनू उघडला, तर हवी ती ओळ करडी, म्हणजे निवडताच येत नाही. दाबली, तर संदेश: हे फंक्शन सध्याच्या सेटिंगमध्ये उपलब्ध नाही. कुठल्या सेटिंगमध्ये? रॉ आहे म्हणून? फ्लॅश मोडमुळे? शटरच्या प्रकारामुळे? दोन्ही कार्डांवर लिहितोय म्हणून? तुला माहीत आहे, म्हणूनच तू ओळ करडी केलीस. मग सांग ना! कॅमेऱ्याला बिबट्या, विमान, आगगाडी आणि पाखरू वेगवेगळं ओळखता येतं, आणि स्वतःच्याच दोन सेटिंगांचं भांडण कुठं आहे ते सांगता येत नाही? एक वाक्य लागतं त्याला. 'आधी अमुक बंद करा.' ते न लिहिल्यामुळं माणूस उन्हात पडद्यावर हाताची सावली धरून एकेक सेटिंग उलटसुलट करत बसतो. हा संदेश ज्यानं लिहिला त्याला एक दिवस चिखलात पालथं झोपवून हाच मेनू वापरायला लावला पाहिजे.

आणि ओळ करडी नसती तरी काय होणार होतं? बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली मेमरी, रिकामा होत होता. दिवा लुकलुकतोय तोवर अर्धा मेनू उघडत नाही. ४५ मेगापिक्सेलची रॉ ५० एमबीच्या आसपास, सेकंदाला २० म्हणजे सेकंदाला साधारण १,००० एमबी. आता कार्डाची एक खाच वेगवान सीएफएक्सप्रेस टाइप बी आणि दुसरी एसडी, ही जोडी कुणाच्या डोक्यातून निघाली? एसडीच्या यूएचएस-२ या वेगवान प्रकाराची कमाल मर्यादाच सेकंदाला ३१२ एमबी. दोन्हीकडे कॉपी ठेवायची म्हटलं की सगळा कारभार त्या मंद कार्डाच्या चालीनं चालतो. बॅकअप हवा तर वेग सोडा, वेग हवा तर बॅकअप सोडा. व्यावसायिक बॉडी म्हणता ना हिला?

कार्डवाले तर त्याहून वस्ताद. डब्यावर भल्यामोठ्या अक्षरात वाचण्याचा वेग. मला कार्ड वाचायचं नाही, लिहायचं आहे! लिहिण्याचा वेग बारीक अक्षरात, आणि तोही कमाल, म्हणजे पहिल्या काही सेकंदांचा. सलग लिहिताना कार्ड किती खाली येतं हे बहुतेक डब्यांवर शोधून सापडत नाही. व्हीपीजी ४०० ही सलग लिहिण्याच्या वेगाची खूण असेल तर सेकंदाला किमान ४०० एमबीची हमी तरी असते. ती खूण नसलेली कार्डं किती आहेत ते एकदा बघा.

शटरचंही तेच. १/३२००० सेकंद असं अभिमानानं लिहितात. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, आणि तो वेग एकेका ओळीचा. अख्खा सेन्सर वाचायला काही बिगर-स्टॅक्ड, म्हणजे वेगानं वाचण्यासाठी थरांनी न बनवलेल्या, सेन्सरांना १/१५ सेकंदाच्या आसपास लागतो, आणि तेवढ्यात पंख खाली येऊन वर गेलेला असतो. मग फोटोत पंख वाकडा. शार्प, स्वच्छ आणि वाकडा! हे दुरुस्तही करता येत नाही. सोनीनं २०१७ मध्ये ए९ मध्ये स्टॅक्ड सेन्सर दिला, निकॉनच्या झेड९ नं २०२१ मध्ये यांत्रिक शटरच काढून टाकलं कारण सेन्सर तेवढा वेगात वाचला जातो, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ए९ ३ चा ग्लोबल शटर अख्खी फ्रेम एकदम टिपतो. म्हणजे सेन्सर वाचायला किती वेळ लागतो हाच कळीचा आकडा, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी बहुतेक माहितीपत्रकांत तो नसतो. कुणीतरी हौशी माणूस घरी बसून मोजतो तेव्हा आपल्याला कळतो.

आणि तो डोळ्याचा सेन्सर! जमिनीवर झोपून, पडदा वर उचलून टिटवीच्या पिलाच्या उंचीवर लेन्स आणावी, तर गवताची काडी व्ह्यूफाइंडरसमोर येते आणि पडदा काळा. कॅमेऱ्याला वाटतं माणसानं डोळा लावला. पावसाचा थेंब, टोपीची कड, पट्टा, स्वतःचं पोट, सगळ्यांना तो डोळाच समजतो. उलट खरोखर डोळा लावावा तर जागा व्हायला क्षणभर घेतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर झोपत नव्हता. त्याला विजेचीच गरज नव्हती. निकॉन डी५०० एका चार्जवर सीपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या मोजणीनं १,२४० फोटो द्यायचा. आजच्या बऱ्याच मिररलेस बॉड्यांचा तोच आकडा ३००-४०० च्या घरात असतो. मला मागं जायचं नाही. डोळ्यावर फोकस धरून उडणारा पक्षी कडेपर्यंत नेणारं ट्रॅकिंग मी एकदा वापरलंय, ते मी सोडणार नाही. पण जे बिनबोभाट चालत होतं ते मोडून नवं द्यायची ही कुठली रीत?

यावर हमखास कुणीतरी येणार आणि सांगणार की कॅमेरा महत्त्वाचा नसतो, त्यामागचा माणूस महत्त्वाचा. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. माणूस आपलं काम करत होता! पक्षी ओळखला, जागा निवडली, उजेड बघितला, दम धरला, क्षण ओळखला. त्या साखळीत एकच कडी तुटली आणि ती यंत्राची होती. दुसरे ते परीक्षण करणारे. कुत्रा सरळ अंगावर पळत येतोय, मागं मोकळं मैदान, आणि निकाल काय, तर ट्रॅकिंग लाजवाब. फांद्यांतून वाकडा उडणारा शिक्रा धरून दाखवा, मग बोलू.

मला सेकंदाला १२० फ्रेम नकोत. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हे छापा: झोपेतून जागं व्हायला किती वेळ लागतो, प्री-कॅप्चर किती वेळ टिकतं आणि रॉमध्ये मिळतं का, सेन्सर वाचायला किती वेळ लागतो, दोन्ही कार्डांवर लिहिताना बफर किती सेकंदात भरतो आणि किती सेकंदात रिकामा होतो. सगळं तुमच्या इंजिनिअरांच्या टेबलावर मोजलेलं पडलेलं आहे. ते लपवून मेगापिक्सेल आणि फ्रेम विकू नका. ज्या कंपनीच्या पत्रकात हे आकडे नसतील तिची पुढची बॉडी मी घेणार नाही, मग तिच्यात बिबट्याच्या मिशा ओळखायची सोय असली तरी.