अल्फ्रेड उडवण्याआधी जरा थांबा

अल्फ्रेड म्हणजे मॅकवरचा लाँचर: शॉर्टकट दाबून नाव टाइप केलं की ॲप किंवा फाइल उघडून देणारं ॲप. मॅकवाल्यांच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल एक सल्ला सारखा फिरतो: ‘अल्फ्रेड अडला? ॲप उडवा, नवं टाका. शॉर्टकट, फाइली, वर्कफ्लो (त्यात जोडलेल्या छोट्या स्क्रिप्ट्स), सगळं सुरळीत. नाहीतरी आता मॅकचा स्वतःचा शोध, स्पॉटलाइट, इतका सुधारलाय की लाँचर लागतोच कशाला?’

ॲप कचऱ्यात टाकलं तरी तुमची सेटिंग्ज लायब्ररीतल्या ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ फोल्डरमध्ये तशीच राहतात. नवं ॲप तीच उचलतं. म्हणजे सेटिंग चुकलं असेल, तर तेही परत येतं.

फाइल सापडत नाही, ही तक्रार सगळ्यात जुनी. अल्फ्रेड उघडून नुसतं फाइलचं नाव टाइप केलं, तर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये तो मुख्यतः ॲप्स दाखवतो. फाइलींसाठी आधी स्पेसबार दाबायचा. कितीतरी ‘बिघाड’ इथेच मिटतात. तरीही फाइल मिळाली नाही, तर दोष बहुधा इंडेक्समध्ये, म्हणजे फाइलींच्या शोधसूचीत असतो, आणि तो इंडेक्स मॅकओएसचा आहे. स्पॉटलाइटही त्यातच शोधतो. मग अल्फ्रेड दहा वेळा नवा टाकून काय होणार? सिस्टम सेटिंग्जमध्ये स्पॉटलाइटच्या ‘सर्च प्रायव्हसी’त डिस्क घाला, लगेच काढा; इंडेक्स नव्याने बांधला जातो. डिस्क मोठी असेल तर बराच वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

शॉर्टकटचं तसंच. कमांड-स्पेस मुळात स्पॉटलाइटकडे असतं, अल्फ्रेडला ऑप्शन-स्पेस मिळतं. कमांड-स्पेस अल्फ्रेडला हवं असेल, तर आधी कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये जाऊन स्पॉटलाइटचं काढा.

आपल्या लोकांची एक खास अडचण त्या सल्ल्यात येतच नाही. मराठी मजकूर लिहून झाला, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालूच राहिला आणि सफारी उघडायला एस-ए-एफ दाबलं, की लाँचरमध्ये एकार, ओकार आणि वेलांटी अशा तीन अनाथ मात्रा उमटतात. सफारी कुठली यायला! मीही एकदा ॲपला शिव्या घातल्या आहेत. अल्फ्रेडच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘फोर्स कीबोर्ड’ आहे; तिथे इंग्रजी लेआउट निवडला की खिडकी उघडताना तोच लागतो.

वर्कफ्लो बंद पडण्याचं खापर अल्फ्रेडच्या अपडेटवर फोडतात. पण मॅकओएस मॉन्टेरीने पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा काढली आणि मार्च 2022 मध्ये त्याच्याच 12.3 या अपडेटने पायथन 2 काढलं. त्यांवर लिहिलेले जुने वर्कफ्लो त्यामुळे झोपले. त्यांना नवी आवृत्ती तरी लागते, नाहीतर ती भाषा वेगळी बसवावी लागते.

स्निपेट (छोटा संकेत टाइप केला की पूर्ण मजकूर टाकणारी सोय) उलगडत नसतील, तर टर्मिनलच्या मेनूत ‘सिक्युअर कीबोर्ड एंट्री’वर खूण आहे का ते बघा; ती असली की तुमचं टायपिंग अल्फ्रेडला दिसत नाही.

राहिला स्पॉटलाइट. त्या सल्ल्यातलं एवढं मान्य करायला हवं: 2025 च्या मॅकओएस टाहोमध्ये त्याला क्लिपबोर्डचा इतिहास आला, थेट कृती आल्या, आणि तेही फुकट. अल्फ्रेडमध्ये क्लिपबोर्डसाठी पॉवरपॅक हा जास्तीच्या सोयींचा परवाना विकत घ्यावा लागतो. ज्यांना फक्त ॲप उघडायचंय आणि गुणाकार करायचाय, त्यांनी खुशाल स्पॉटलाइट वापरावा. पण ज्याने तीन महिन्यांचा क्लिपबोर्ड आणि स्वतःच्या स्क्रिप्ट्स अल्फ्रेडमध्ये बसवल्यात, त्याला हे पुरत नाही. आणि इंडेक्स बिघडल्यामुळे फाइल हरवली असेल, तर ती स्पॉटलाइटलाही दिसणार नाही.