गोधडीची शिकवणी

फ्री मोशन क्विल्टिंग, म्हणजे मशिनखाली कापड हाताने हवं तसं फिरवत गोधडी शिवणं, शिकायचं ठरवणं सोपं. त्याचा ऑनलाइन क्लास निवडणं म्हणजे घरबसल्या स्थळं बघणं. जाहिरातीत 'अगदी नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं असतं आणि खालच्या व्हिडिओत बाई, न बघितल्यासारखं करून, मशिनवर पिसांची नक्षी काढत असते.

एक लाइव्ह क्लास न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ७ वाजता, म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे पहाटे ४:३०. त्या वेळी मालवणात मासेमार जागे असतात; त्यांना क्विल्टिंगची आवड असल्याचं ऐकिवात नाही. रेकॉर्डेड घ्यावा तर रेंज गच्चीत आणि मशिन माजघरात. पावसात वीज गेली की आमच्या पायमशिनला फरक पडत नाही, पण शिकवणाऱ्या बाई गायब होतात.

त्यात दात्यांचं प्रकरण. सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात. इथे ते आधी खाली करायचे, मग कापड आपणच हाताने फिरवायचं. टाका लहान पडणार की मोठा, हे हाताच्या आणि सुईच्या वेगावर. आमच्या काळ्या मशिनला दाते खाली करायची सोयच नाही. क्लासवाल्या बायकांना विचारलं. एकीने कळवलं, वर प्लेट लावून झाका. दुसरी म्हणाली, टाक्याची लांबी शून्यावर आणा आणि बिनधास्त शिवा. तिसरीने नव्या मशिनची लिंक पाठवली.

सासूबाईंचा प्रश्न मुळावरच: "जुन्या लुगड्यांका धावदोरो घातलो की गोधडी जाता. तेका शिकवणी कित्याक होयी?" आणि मधे कापसाचा थर भरलेलं ते धूड आषाढात वाळवणार कुठे? याचं उत्तर कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

शेवटी एकच कसोटी लावली: बाई कापड उलटून दाखवते का? वळणावर हात घाईने फिरला की खालच्या बाजूला दोऱ्याच्या पापण्या फुटतात. वरून देखणं काम दाखवणाऱ्या बऱ्याच जणी इथेच बाद झाल्या. पाठ दाखवणारी एकच सापडली, तीही स्वतःच्या पहिल्या क्विल्टची, पापण्यांसकट. ओटीपीसाठी गच्ची गाठली आणि फी भरून टाकली.

पहिल्या धड्यात मशिनला हात लावायचाच नाही. कागदावर पेन्सिल न उचलता नागमोडी रेघ ओढत राहायची, ती स्वतःला कुठे छेदता कामा नये. मी ओटीवर बसून पानंच्या पानं भरली. सासूबाई चष्मा लावून वाकल्या.

"पैशे भरून गिरगटे मारतंस गो?"