इंजिन जिरवण्याची रीत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता, जुन्या वस्तूंची हौस आहे आणि दिवाणखान्यात एक भिंत रिकामी आहे? मग ऐका. तिथे जुन्या रेल्वे इंजिनाची पितळी पाटी शोभेल. पण रात्री करवत घेऊन जाऊ नका, ते नवशिक्यांचं काम. रेल्वेचा चोरीचा माल घरात सापडला तर 1966 च्या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत आत बसाल. त्या कायद्याला इतिहास कळत नाही. त्याच्या लेखी खिळा तो खिळाच.

आधी इंजिनाला चौथऱ्यावर चढवा. माधवराव शिंदे महाराजांच्या हौसेची 2 फूट रुंद रुळांची लाइन ग्वाल्हेरहून 1909 मध्ये श्योपूरला पोचली, सुमारे 200 किलोमीटर. 2020 साली गाडी थांबली. आता तिचं जे काही उरलंय ते रस्त्याकडेला मांडायचं. रोज दिसणाऱ्या वस्तूकडे कोण बघतो?

मग रंग. चंदेरी, तीन हात. शिटीवर, वाफेच्या काट्याच्या काचेवर, नंबराच्या पाटीवर. पितळ की पत्रा, हे धुराड्यातल्या कबुतरालाही कळता कामा नये. पाटी निघाली की खाली चार भोकं उरतात, तीही रंगवा. आमचे काका याच गाडीने जौऱ्याला शिकवायला जायचे. त्यांना असं एक इंजिन दाखवायला नेलं, तर त्यांनी चष्मा वर करून एका भोकात बोट घातलं. बोट चंदेरी झालं. "ओला आहे रे अजून," म्हणाले, आणि धोतराला न पुसता बोट तसंच धरून घरी आले.

कागदाची काळजी नको. 'सुशोभीकरणासाठी हलवले' एवढं पुरतं. कुठे हलवले, हे विचारणाऱ्याची तोवर बदली होते.

फक्त महाराजांच्या जयविलास राजवाड्यातल्या चांदीच्या छोट्या गाडीच्या वाटेला जाऊ नका. ती जेवणाच्या टेबलावर दारूच्या सुरया आणि सिगार फिरवायची. तिच्यावर पहारा आहे, तिकीट आहे. जिच्या टपावर बसून अर्धा मुरैना जिल्हा बाजाराला आला, ती लोखंडाची. तिचं काय एवढं?

पाटी घरी लागली की दिवाळीच्या आधी चिंच लावून घासा, नंबर लखलखू दे. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, भंगारातून वाचवली.